दोनशे बारा मैलांचा फिल्टर

लुंडबी, मिनेसोटा
दि. ९ ऑक्टोबर १९९४

चि. मर्ल यास,
अर्विदचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राबरोबर एक खोकं येईल. उघडून दचकू नकोस, आत इंजिन ऑइलचे फिल्टर आहेत. तीन. एक पांढरा, एक नारिंगी, एक निळा. वाढदिवसाची भेट समज, म्हणजे यंदा वेगळं काही पाठवायला नको.

भानगड अशी आहे. इथे सहकारी गोदामाच्या कँटीनमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचं सकाळचं कॉफीचं टेबल असतं, हे तुला ठाऊक आहे. त्यात हार्लन नावाचा एक प्राणी आहे. आयुष्यभर बार्ली पिकवली, आणि आता निवृत्त झाल्यावर त्याला मोटारीतलं सगळं कळायला लागलंय. तो म्हणतो, सगळे फिल्टर एकाच कढईतले, फक्त रंग निराळा, महागडा घेणारा मूर्ख. मी अडतीस वर्षं ट्रकखाली उताणा झोपून काढली, आणि हा मला फिल्टर शिकवतो. मी त्याला टेबलासमोर सांगितलं की वसंतापर्यंत थांब, कापून दाखवतो.

कोरे तिन्ही कापून झाले. करवतीने नव्हे हं, करवतीचा कीस कागदात पडला की आतला धातू कुठला आणि बाहेरचा कुठला, काही कळत नाही. डबा उघडायच्या चावीसारखं माझं मोठं कटर आहे, त्याने. पांढरा उघडला आणि हसू आलं. कागदाच्या घड्या सेहेचाळीस, त्याही दोन ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या. टोकाच्या चकत्या पुठ्ठ्याच्या. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने खड्डा पडतो. इंजिन बंद केल्यावर तेल परत खाली उतरू नये म्हणून आत जो रबरी पडदा असतो, तो काळ्या रबराचा, थंडीत पापडासारखा कडक होणार. नारिंगीत घड्या पंचावन्न, चकत्या पुठ्ठ्याच्याच पण डिंक हात न आखडता भरलेला. निळ्याची गोष्टच वेगळी: घड्या बासष्ट, चकत्या पत्र्याच्या, पडदा मऊ, लाल. मात्र लग्नाच्या दिवशी सगळेच नवरे देखणे दिसतात. खरं काय ते दोन महिने नांदल्यावर कळतं.

म्हणून तू लागतोस. आपण दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच सालची एकच ब्युइक गाडी घेतली, हा आईच्या वळणाचा परिणाम. तेव्हा दोघांनी एकेक फिल्टर दोन-दोन महिने चालवायचा. पांढरा आधी, मग नारिंगी, शेवटी निळा. काढताना मैलांचा आकडा कार्डावर लिहायचा आणि फिल्टर पिशवीत बांधून मला पाठवायचा. बसवताना रबराच्या रिंगला बोटाने ताजं तेल लाव, नाहीतर ती इंजिनाला चिकटून बसते. आणि जुनी रिंग तिथेच राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघ. १९४१ चा ट्रॅक्टर आठव. त्यावर जास्त बोलत नाही.

फोन करणार होतो, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस. तुझ्या लव्हॉनला सांग की ईस्टरपासून तुझ्या पत्राखाली तिच्या गोल अक्षरातल्या दोन ओळी आल्या नाहीत. रागावली आहे का माझ्यावर?

लोभ आहेच, तो तेलासारखा वेळच्या वेळी भरत जा.
तुझा,
अर्विद


क्लोव्हर फ्लॅट, नेब्रास्का
दि. २३ ऑक्टोबर १९९४

ती. दादास,
मर्लचा सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. पोस्टमनने विचारलं की यात डबाबंद पीच आहेत का. मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

पांढरा मागच्या रविवारी बसवला. तेल लावलं, बोट फिरवलं. तुझा तो हार्लन मला आवडला. तुला गप्प करायला निघालेला माणूस निदान शूर तरी असलाच पाहिजे.

इथे मका निघाला. शेत कसणाऱ्याने यंदा दोन्ही तुकडे नीट केले. कार्लीन ओमाहाहून महिन्यातून एकदा येते, फ्रीज उघडून बघते आणि मला बोलते. स्वयंपाक मीच करतो आता. ओव्हनमध्ये बटाट्याचे थर भाजणं जमायला लागलंय, वरचा थर जळतो तो मी खातो.

लव्हॉन बरी आहे. ती कुणावर रागावलेली नाही. हल्ली तिला लिहायचा कंटाळा येतो, एवढंच.

एक विचारायचं होतं. तुझं ते कागदाचं आणि पडद्याचं सगळं, ते गाडी रस्त्यावर असताना आणि नुसती उभी असताना सारखंच चालतं ना? सहज मनात आलं.

ममता राहू दे.
तुझा,
मर्ल

ता. क. १६ डिसेंबर. हे पत्र टेबलावरच राहिलं होतं, आता फिल्टरसोबत पाठवतो. कार्ड आत आहे. दोनशे बारा मैल.


लुंडबी
दि. २८ डिसेंबर १९९४

चि. मर्ल यास,
अनेक आशीर्वाद. नाताळ चांगला गेला असेल.

माझा चांगला गेला नाही, आणि कारण तू आहेस.

तुझा पांढरा फिल्टर आला त्याच दिवशी कापला. कागद सोडवून शिकंज्यात पिळला, वर्तमानपत्रावर पसरला. मर्ल, काजळी होती नुसती. घड्या एकमेकींत घुसलेल्या, आणि पडद्याखाली पांढरट लोण्यासारखा गाळ. मी खूष झालो. म्हटलं बघा, दोनशे बारा मैलांत पांढऱ्याचं पितळ उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन कॉफीच्या टेबलावर गेलो, सगळ्यांसमोर पसरला आणि पांढरा फिल्टर निकामी असल्याचं जाहीर करून टाकलं. हार्लनने टोपी काढून डोकं खाजवलं. इतकी गोड कॉफी मी वर्षभरात प्यायलो नव्हतो.

शनिवारी माझा स्वतःचा पांढरा निघाला. तोच माल, तेच इंजिन. दोन हजार एकशे चाळीस मैल. कापला तर कागद चहाच्या रंगाचा, घड्या जिथल्या तिथे. गाळ औषधालाही नाही. म्हणजे पुठ्ठ्याचा का होईना, बिचाऱ्याने काम चोख केलं होतं. आणि मी चार माणसांत त्याची अब्रू काढून बसलो होतो. आता हार्लनला काय सांगू?

मग तुझ्या फिल्टरचं झालं काय? मी ट्रकखाली जन्म घालवला आहे. तो कागद सहा हजार मैलांचा होता. निदान सहा. तेव्हा एक तर तू तेल न बदलता जुन्यावरच फिल्टर चढवलास, नाहीतर कार्डावर मनाला येईल तो आकडा लिहिलास. तेल आणि तू, हे लहानपणापासूनचं आहे. ट्रॅक्टर बसला तेव्हाही तू असाच खाली मान घालून उभा होतास. या वयात तरी भावाशी खरं बोलावं.

नारिंगी बसवला असशील. आता नीट नोंद ठेव. लव्हॉनच्या दोन ओळी या वेळीही नाहीत. मी वाट बघतो आहे.

राग आहे, तसा लोभही आहे.
अर्विद


क्लोव्हर फ्लॅट
दि. ९ जानेवारी १९९५

ती. दादास,
सा. न.

तेल ताजं होतं. दोनशे बारा हा आकडा खरा आहे. नारिंगी बसवला आहे. फेब्रुवारीत निळा बसवीन, कारण मी शब्द दिला आहे.

यापुढे मैलांबद्दल विचारू नकोस. ट्रॅक्टरबद्दल बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळं पत्र लिही, ते मी उघडणार नाही.

इथे वजा वीस आहे. वारा थांबत नाही.

तुझा,
मर्ल


ओमाहा
दि. १५ फेब्रुवारी १९९५

ती. अर्विदकाका यांना,
कार्लीनचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर फक्त आभाराची पत्रं लिहिली. हे तसं नाही, म्हणून आधीच माफी मागते. सोबतची पिशवी बाबांच्या बाकावर तुमचा पत्ता लिहून ठेवलेली सापडली, ती पाठवते आहे.

आईबद्दल बाबांनी तुम्हाला काही कळवलेलं नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे. दीड वर्ष झालं, काका. सुरुवातीला नावं जायची, मग दिवस जायला लागले. आता ती मला कधी ओळखते, कधी मला परिचारिका समजून माझ्या बुटांचं कौतुक करते. बाबांनी सांगून ठेवलं होतं की कुणाला बोलायचं नाही, लव्हॉनला ते आवडणार नाही.

शनिवारी ११ तारखेला त्यांनी गाडीचा फिल्टर बदलला. तुमचा निळा. त्याच वेळी आई घरातून हाक मारत होती, म्हणून घाईत जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि त्यावर नवीन बसला. गाडी सुरू केल्याबरोबर सगळं तेल अंगणातल्या बर्फावर. चूक काय झाली ते त्यांना लगेच कळलं, पण घरात तेल नव्हतं. दुकान शनिवारी दुपारी बंद होतं ते सोमवारीच उघडतं. शेजारच्या नोव्हाकांकडे पिंपभर तेल आहे, पण त्यांच्याकडे ते मागायला गेले नाहीत. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

शनिवार-रविवार आई घरभर फिरत होती. कोट घालायची, काढायची. सोमवारी सकाळी बाबा चालत दुकानापाशी जाऊन दरवाजा उघडायची वाट बघत होते तेवढ्यात ती पायी निघाली. पायात घरातल्या सपाता, हातात झाकणाचं भांडं. टपाल वाटणाऱ्या बाईंना ती दीड मैलावर सापडली. त्यांना म्हणाली की गाडी नाही म्हणून चालत निघाले आहे, पुलापर्यंत सोडा. दोन बोटांना हिमदंश झाला आहे. डॉक्टर म्हणाले वाचतील.

नोव्हाकबाईंनी मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. हिवाळाभर रोज दुपारी आईबाबा अंगणात गाडी सुरू करून आत बसून असतात. चार-चार तास. कुठे जात नाहीत. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणतो, बाबा दर आठवड्याला टाकी भरतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, गाडी गरम ठेवावी लागते. काका, मला भीती वाटते की आता दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही.

कार्नीला एक चांगली वृद्धसेवा संस्था आहे. तिथे १० मार्चची जागा मी धरून ठेवली आहे, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर पडते. बाबा सही करत नाहीत. ते फक्त तुमचं ऐकतात, निदान ऐकल्याचं दाखवतात. तुम्ही त्यांना लिहा.

तुमचे आशीर्वाद हवे आहेत, आज जास्तच.
आपली,
कार्लीन


लुंडबी
दि. १९ फेब्रुवारी १९९५

प्रिय मर्ल,

आज आशीर्वाद वगैरे नाही. कोणत्या तोंडाने देऊ?

कार्लीनचं पत्र आणि तुझा नारिंगी फिल्टर एकाच वेळी आले. पिशवी उघडली आणि आधी दिसलं ते हे, की त्याला रिंग नाही. पत्र वाचायच्या आधीच कळलं की ती कुठे राहिली. पत्र वाचून फिल्टर कापायचा धीर होईना. गराजमध्ये गेलो, परत आलो, दाढी केली, पुन्हा गेलो. शेवटी कापला. तीच काजळी, तोच लोण्यासारखा गाळ.

मर्ल, तू ऑक्टोबरमध्येच लिहिलेल्या पत्रात मला विचारलं होतंस. गाडी उभी असताना हे सगळं कसं चालतं म्हणून. मी त्याचं उत्तरसुद्धा दिलं नाही. मी सेहेचाळीस आणि बासष्ट मोजत होतो. आपल्या बापाने ट्रॅक्टरचं तेल कधी मैलांवर बदललं होतं का? ट्रॅक्टर मैल चालतो कुठे? तास मोजायचे, हे त्याने आपल्याला चालायच्या आधी शिकवलं. उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे रस्त्यावरचे पंचवीस मैल तरी. दिवसाला चार तास, साठ दिवस. सहा हजार. माझा अंदाज बरोबर होता आणि तरी मी तुला खोटारडा म्हटलं. फिल्टर खरं बोलत होता, तूही खरं बोलत होतास, आणि शहाणपणा मिरवत होतो तो मी.

आता नीट वाच आणि याचं उत्तर लगोलग पाठव. गाडी कुठे उभी करतोस? शेडमध्ये तर नाही ना? धूर बाहेर जायचा पाइप बर्फात बुजतो का? खिडकी उघडी ठेवतोस का? हे कार्लीनच्या पत्रात नाही आणि मला दुसरं काही सुचत नाहीये. माझ्या डोळ्यांसमोर वाईट वाईट येतं. घरात एका जागी बसवत नाही, कुत्रासुद्धा माझ्या मागे फिरून कंटाळला.

दुसरं. ट्रॅक्टरबद्दल तू वेगळं पत्र उघडणार नाहीस म्हणालास, म्हणून इथेच लिहितो. १९४१ मध्ये फिल्टरच्या झाकणाखाली जुनी रिंग राहिली ती तुझ्यामुळे नाही. ते झाकण मी लावलं होतं. मला त्या रात्रीच्या नाचाला जायची घाई होती. तू फक्त बोल्ट आवळलेस. बापाने तुला विचारलं तेव्हा मी विहिरीपाशी उभा होतो आणि बोललो नाही. दोन हंगाम तुला ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही त्याने. मी चोपन्न वर्षं तुला त्यावरून टोमणे मारतो आहे, कारण चोराच्या मनात चांदणं असतं.

आणि तुझ्या अंगणात परवा पुन्हा तेच झालं, माझ्या हौसेपायी. तो निळा फिल्टर तिथे मी पाठवला नसता तर गाडी शनिवारी सुरू झाली असती. लव्हॉनची बोटं माझ्या खात्यावर आहेत. मला क्षमा कर म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही.

तू सांगशील तर मिळेल त्या बसने निघतो.

तुझा भाऊ,
अर्विद


क्लोव्हर फ्लॅट
दि. २४ फेब्रुवारी १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी उघड्यावर असते. पवनचक्कीजवळ, तोंड पूर्वेला, म्हणजे शेडमुळे वारा अडतो. पाइपमागचा बर्फ मी रोज झाडूने काढतो. माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली असते. मी म्हातारा झालोय, वेडा झालेलो नाही. आता बस.

ट्रॅक्टरचं मला माहीत होतं. तुझ्या नाचाच्या शर्टाच्या बाहीला तेल लागलं होतं. आईनेही पाहिलं होतं, तिने तो शर्ट बापाला दिसू न देता धुतला. तू कधी बोलतोस याची मी वाट बघत होतो. इतका वेळ घेशील असं वाटलं नव्हतं.

आता तुला सांगतो, कारण फिल्टरने सांगितलंच आहे.

दुपारी जेवण झालं की ती कोट घालते. आईकडे जायचं म्हणते, ऑर्डला. तिची आई जाऊन एकतीस वर्षं झाली. आधी मी तसं सांगायचो. तर दर वेळी ती बातमी तिला नव्याने कळायची, आणि दर वेळी ती तितकीच रडायची. असं किती दिवस माणसाला रडवायचं? मग सांगायचं सोडलं. एकदा खरंच गाडी काढली. पण चौक आला, ट्रक आले, की ती घाबरते, हा रस्ता नव्हे म्हणते, दरवाजा उघडायला जाते. वेगात होतो, दादा. त्या दिवशी हात धरून परत आणली. अंगणात आलो, इंजिन अजून चालू होतं, आणि ती एकदम शांत झाली. सीटला मान टेकली. मी किल्ली फिरवून बंद केलं तर दचकून विचारलं, का थांबलो. परत सुरू केलं. पुन्हा शांत.

तेव्हापासून रोज बसतो. हीटर लावतो. ती मांडीवर झाकणाचं भांडं घेते, फडक्याने गाठ बांधलेलं. आत काही नसतं. आईकडे रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं तिला पक्कं आहे. मधून मधून विचारते, लूप नदीचा पूल गेला का. मी म्हणतो, आता येईल. मग ती मला तिच्या गावच्या गोष्टी सांगते, आणि त्या सगळ्या बरोबर असतात. घरात तिला माझं नाव आठवत नाही. गाडीत मला ती मर्ल म्हणते. एकदा म्हणाली की तू फार जपून चालवतोस, म्हणून मी तुझ्याशी लग्न केलं. मी दोन्ही हात चाकावर ठेवूनच बसतो, न जाणो तिने बघितलं तर.

चाळीस वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. म्हणून नोव्हाककडे तेल मागायला गेलो नाही. मागितलं असतं तर गाडी एवढी तातडीची का, ते सांगावं लागलं असतं, आणि मग ते सगळ्यांचं झालं असतं. माझ्या मानापायी ती बर्फात चालली. तेव्हा तिच्या बोटांचा हिशेब तुझ्या एकट्याच्या नावावर घालू नकोस.

कार्लीनला वाटतं मी हट्ट करतो. ती चांगली मुलगी आहे. पण कार्नीला गाडीत बसू देतील का, हे तिला मी विचारू शकत नाही. हसेल ती. नाहीतर रडेल.

तू आत्ता येऊ नकोस. घरात नवा माणूस आला की ती रात्र-रात्र झोपत नाही, तुझा तर आवाजही मोठा.

ममता आहे हे कळलं.
तुझा,
मर्ल


लुंडबी
दि. २७ फेब्रुवारी १९९५

चि. कार्लीन हिस,
अर्विदकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं बाबांना लिहिलं. आता तुलाही लिहितो, आणि बाबांचं पत्र सोबत ठेवतो. त्याला न विचारता ठेवतो आहे. तो मला शिव्या देईल, देऊ दे.

ते आधी वाच. मग पुढच्या रविवारी जा आणि मागच्या सीटवर बस. काही बोलू नकोस, दुरुस्त करू नकोस. चार तास बस. त्यानंतर तुला जे वाटेल ते कर, मी आड येणार नाही. बाबा एकटा हे फार दिवस रेटू शकणार नाही, हे मलाही दिसतं. त्याच्या अक्षरात दिसतं.

पण मी मेकॅनिक आहे. गाडी वाटेल तिथे नेता येते, पण ज्या गावाला जायचं त्याच गावाचा रस्ता धरावा लागतो, एवढंच मला येतं. ती रोज दुपारी ऑर्डला निघते. मग आपण तिला कार्नीला का नेतो आहोत? ऑर्डला काहीच नाही का? तुला वाटेत पडणार नाही, मान्य आहे. एकदा चौकशी कर.

लोभ धर, आणि गाडीत बसताना कोट काढू नकोस, मागे हीटर पोचत नाही.
तुझा,
अर्विदकाका


क्लोव्हर फ्लॅट
दि. १४ मार्च १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं पत्र तू तिला दिलंस. त्याबद्दल समोर आलास की बोलेन.

कार्लीन ५ तारखेच्या रविवारी मागे बसली. दोन तास गप्प होती. मग लव्हॉनने मागे वळून तिला विचारलं की तुम्ही कुणाकडे निघालात. कार्लीन म्हणाली, मीही आईकडेच. त्यानंतर तिने कार्नीचा विषय काढला नाही.

ऑर्डला जागा निघाली. लहान आहे, चौदा माणसं. तिच्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या. तारीख तीच ठेवली, १० मार्च. आदल्या दिवशी मी तेल बदललं, निळा काढून तू मागाहून पाठवलेला नवा फिल्टर बसवला. लांबच्या प्रवासाआधी तेल बदलायचं, ही बापाची शिस्त. तेल लावलं, बोट दोनदा फिरवलं.

चाळीस मैल आहे. कार्लीनने चालवली, मी लव्हॉनजवळ मागे बसलो. घाबरेल म्हणून मी तिचा हात धरून होतो, पण तिने भांड्यावरून नजर काढली नाही. मग लूपचा पूल आला. खरा. चाकांचा आवाज बदलला आणि तिने मान वर केली. म्हणाली, आला बघ.

दारात गाडी थांबली. कार्लीनने इंजिन बंद करायचं धाडस केलं नाही, तसंच चालू ठेवलं. तर लव्हॉन पुढे वाकून म्हणाली की आता बंद कर, पोचलो. स्वतः दरवाजा उघडला, स्वतः उतरली. दारात एक तरुण परिचारिका उभी होती. तिच्या हातात भांडं दिलं आणि सांगितलं की गरम आहे, जपून. त्या पोरीनेही दोन्ही हातांनी धरलं, चटका बसल्यासारखं.

पाच महिने मी रोज म्हणत होतो, आता येईल, आता येईल. आलं तर मला सोसवेना. ती आत गेली आणि मागे वळून बघितलं नाही. माहेरी आलेली बाई कशाला बघेल. मी गाडीत बसून राहिलो. इंजिन बंद होतं.

आता रोज जातो. ती ओळखते असं नाही. पण दारात उभी असते, आणि गाडी बघून हात करते.

घर फार मोठं झालंय.
मर्ल


लुंडबी
दि. २२ मे १९९५

चि. मर्ल यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फिल्टर पोचला. तू या वेळी कार्डावर न सांगता दोन रकाने आखलेस. मैल पाच हजार चारशे. उभे तास शून्य.

काल कापला. कागद मधासारखा. घड्या सरळ, पडद्याखाली गाळाचा थेंब नाही. चुंबक फिरवला, काही लागलं नाही. इतका चांगला चाललेला फिल्टर मी या वर्षात दुसरा पाहिला नाही. गाडी रस्त्यावर आहे, रोज जाते, रोज येते, इंजिनाला हवं ते सगळं मिळतंय. आणि मर्ल, तो स्वच्छ कागद वर्तमानपत्रावर पसरला आणि मला रडू फुटलं. अडतीस वर्षांत काळा निघाला म्हणून शिव्या घातल्या, स्वच्छ निघाला म्हणून कधी रडलो नव्हतो. वाटलं, त्यात थोडी काजळी असती तर.

टेबलावर सगळे निकाल विचारत होते. मी उभा राहून सांगितलं की पांढऱ्याची मी नाहक बदनामी केली, दोष मापात होता. हार्लनला वाटलं मी आजारी आहे. त्याने माझ्या कॉफीत स्वतः साखर घातली.

गुरुवारच्या बसने येतो. तू नको म्हणणार, पण आता घरात झोपमोड व्हायला कुणी नाही. सकाळी लव्हॉनला भेटू, मी आवाज लहान ठेवीन. दुपारी परत आलो की अंगणात जायचं, पवनचक्कीजवळ, तोंड पूर्वेला. तू चाकावर हात ठेव, मी तिच्या जागेवर बसतो. मला कुठे जायचं नाही. फक्त गाडी सुरू ठेव, आणि जे चाळीस वर्षांत बोललो नाही ते बोलू.

नवा फिल्टर घेऊन येतो. पांढरा.

लोभ आहे, आणि या वेळी तो कापून बघायचा नाही.
तुझा दादा,
अर्विद